पॉइंटांवर दोन रात्री, आक्कासोबत

माझे पॉइंट पुण्यात साठले. बेळगावातल्या ज्या कारखान्यात मी खरेदीचं काम बघते, तिथले बरेच सुटे भाग पुण्याकडून येतात. त्यामुळे गेली कित्येक वर्षं महिन्यातल्या दोन रात्री माझ्या तिकडेच जातात. हॉटेल कंपनीने ठरवून दिलेलं आहे: मोठ्या साखळीतलं, नऊ मजली, विमानतळाच्या रस्त्यावर. बिल कंपनी भरते, पॉइंट मात्र राहणाऱ्याच्या नावावर पडतात. सुरुवातीला माझं तिकडे लक्षही नव्हतं. एकदा रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, अभिनंदन, तुमचं कार्ड गोल्ड झालं." त्या दिवशी परतीच्या गाडीत मी नियम पहिल्यांदा नीट वाचले आणि घरी पोचल्यावर तक्ता केला.

मला तक्ते लागतात. सिलिंडर कधी लावला, टाकी कधी धुतली, कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, सगळं लिहिलेलं असतं. घरचे हसतात आणि सिलिंडर संपला की मलाच विचारतात. तर पॉइंटांचाही तक्ता झाला, आणि त्यातले पॉइंट कुणावर खर्च करायचे हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आक्कावर.

आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मी चौथीत असताना ती लग्न होऊन निपाणीजवळच्या गावात, तंबाखूच्या घरात गेली. शेती तंबाखूची, व्यापार तंबाखूचा, घराला लागून वखार. तेव्हापासून आम्ही दोघी एका खोलीत एक रात्र झोपलेलो नाही. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, कारण निपाणी ते बेळगावातलं माझं अनगोळ हा दीड तासाचा रस्ता आहे. पण मी तिच्याकडे गेले की तिच्या सासूबाईंच्या खोलीत माझं अंथरूण पडायचं, आणि ती माझ्याकडे आली की उन्हं कलायच्या आत परत निघायची. लग्नाकार्यात भेटायचो तेव्हा एका हॉलमध्ये वीस बायका आणि तेवढीच पोरं.

बोलणं व्हायचं ते पुण्याहून. घरी असले की संध्याकाळी माझा स्वयंपाक असतो. पुण्यात मला काहीच काम नसायचं, आणि आक्काचं जेवण सूर्यास्ताच्या आत उरकलेलं असायचं. आमचं घराणं जैन, रात्रीचं जेवण नाही. मला नोकरीत ते पाळणं जमलं नाही, आक्काने कधी मोडलं नाही. मग साडेसहा-सातला मी फोन लावायची.

"आज खोली कशी हाय गं?" हा तिचा पहिला प्रश्न.

"हाय आपली. नेहमीचीच."

"ते पाण्यात बसायचं हाय न्हवं? बसलीस काय?"

"टब व्हय? न्हाय गं, कुणाला येळ हाय."

"मग कशाला घेतलीस अशी खोली? मी असतो तर उठलोच नसतो त्यातनं."

मी तिला सगळं सांगायची. चहाची किटली, दोन बिस्किटं, चादर गादीखाली इतकी घट्ट खोचलेली की पाय शिरत नाहीत. सांगताना नावं ठेवायची, "डबा हाय नुसता," म्हणायची. ती मात्र ऐकत राहायची.

तिला मी सरळ पैसे भरून का नेलं नाही, असं कुणीही विचारील. आमच्याकडे थोरल्या बहिणीने धाकटीचा पैसा खायचा नसतो. मी एकदा तिला साधी चप्पल घेऊन दिली, तर पुढच्या भेटीत तिने माझ्या हातात शहापुरातली साडी, खण आणि पाच नारळ ठेवले होते. हॉटेलचं बिल मी भरलं असतं, तर दाजींनी माझ्या घराला रंग लावून दिला असता. पॉइंटांचं मात्र तिला पटलं होतं.

"ह्यात तुझं पैसं न्हाय गेलं?"

"न्हाय."

"कंपनीचं?"

"कंपनीनं आधीच भरल्यात. हे वरचं हाय."

"मग असूंदे. वरचं खायला मला काय न्हाय वाटत," ती म्हणाली आणि खूप हसली.

तरी वर्षं गेली. कधी तंबाखूचा हंगाम, कधी सासूबाईंचं आजारपण, कधी माझ्या मुलीची बारावी. गेल्या दिवाळीत मात्र आक्काने सांगितलं की येत्या चातुर्मासात ती दिशांची मर्यादा घेणार. आमच्यातल्या बऱ्याच बायका साठीच्या आसपास हे व्रत घेतात. चारी दिशांना एकेक ठिकाण सांगायचं आणि उरलेल्या आयुष्यात त्याच्या पलीकडे जायचं नाही, तीर्थयात्रा सोडून. तिच्या गावातल्या बहुतेक जणी उत्तरेला कोल्हापूर सांगतात. निपाणीच्या माणसाचं दवाखाना, लग्न, बाजार सगळं कोल्हापुरापर्यंत भागतं.

"म्हणजे आषाढापतोर मी मोकळा," ती म्हणाली. "न्यायचं असंल तर ने, न्हायतर ते तुझं पॉइंट घाल चुलीत."

मी कामाला लागले. इतक्या वर्षांची साठवण पुण्यातल्या त्या डब्यात घालवायची नाही, हे पक्कं होतं. तिला काहीतरी खास दाखवायचं होतं. छोटं, देखणं, दहा-बारा खोल्यांचं, जिथे माणूस नावाने ओळखतात. अशा हॉटेलांना बुटीक म्हणतात आणि पॉइंटांवर ती मिळवणं हा वेगळा अभ्यास आहे. मी तीन योजना शेजारी शेजारी मांडल्या.

पहिली माझीच, मोठ्या साखळीची. हिच्यात पॉइंट भरपूर, कार्ड गोल्ड, न्याहारी फुकट, खोली दुपारपर्यंत ठेवता येते. पण हॉटेलं सगळी माझ्या पुण्याच्या हॉटेलची भावंडं. बुटीक म्हणून दाखवलेली दोन-चार होती, पण त्यांचे पॉइंट रोज बदलत. सोमवारी एक आकडा, शुक्रवारी दीडपट. खरेदीत वीस वर्षं काढलेल्या बाईला असा भाव चालत नाही.

दुसरी योजना एका जुन्या घराण्याच्या हॉटेलांची. राजवाडे, तळी, दारात हत्ती. भाव ठरलेला, खोल्या अप्रतिम. पण तिथले पॉइंट तिथेच राहून मिळवावे लागतात, आणि माझ्या कंपनीने मला राजवाड्यात कधी पाठवलेलं नाही. शिवाय सगळी दूर, विमानाची. आक्का विमानात बसणार नव्हती.

तिसरी म्हणजे सुट्या, मालकांनी स्वतः चालवलेल्या हॉटेलांचा एक संघ. प्रत्येक हॉटेल वेगळं, कुठेही एकसारखी खोली नाही. इथे माझ्या साखळीतले पॉइंट बदलून नेता येत होते. बदलताना ते निम्म्याहून कमी व्हायचे, आणि एकदा नेले की परत आणता येत नव्हते. मी तो नियम तांबड्या रंगात लिहिला. पण भाव ठरलेला होता, पॉइंटांवरच्या खोलीत दुसऱ्या माणसाचं वेगळं काही लागत नव्हतं, आणि एक हॉटेल पुण्यापासून दीड तासावर होतं. निपाणीहून गाडीने जाण्यासारखं.

त्या हॉटेलचे फोटो मी किती वेळा पाहिले असतील, सांगता येणार नाही. दगडी भिंती, सागाच्या तुळया, उंच छप्पर, वरून काचेच्या कौलांतून जमिनीवर पडलेले उन्हाचे चौकोन. माझ्या आत काहीतरी हलायचं. अशा जागेत मी आधी कधीतरी होते, असं वाटायचं. मी ते हॉटेलच्या चांगुलपणाचं लक्षण समजले.

आक्काच्या अटी वेगळ्या रकान्यात घेतल्या. जेवण सूर्यास्ताआधी. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, आलं नाही. पाणी गाळलेलं.

"एवढं सगळं काढल्यावर हाटेलवाला घालणार काय आपल्याला?" तिने विचारलं.

"तू बघ गं. त्येनी लिवून दिलंय, सगळं करतो म्हणून."

"लिवून दिलंय? तू त्येंच्याकडनं लिवून घेतलंस? लगीन ठरवालीस का काय?"

पॉइंट बदलले. खोली दोन रात्रींसाठी मिळाली, वैशाखात. मी पहाटे बेळगावहून निघाले, निपाणीत तिला गाडीत घेतलं. तिच्याजवळ एक पिशवी कपड्यांची आणि तीन खाण्याच्या. दशम्या, शेंगाचटणी, लाडू, पाणी गाळायचं स्वच्छ फडकं. हॉटेलवाल्याने लिहून दिलेल्यावर तिचा विश्वास नव्हता. कोल्हापूर मागे पडलं तसं तिने खिडकीची काच खाली केली आणि म्हणाली, "आता हे सगळं बघून घेतो. एकदा मर्यादा घेतली की कोल्हापूरच्या फुडं काय चाललंय ते तूच सांगायचंस."

हॉटेलच्या दारात आम्हाला चंदनाचा टिळा आणि कोकम सरबत मिळालं. तिथला तरुण मॅनेजर आम्हाला आत घेऊन गेला. दगडी भिंती, तुळया, उन्हाचे चौकोन, सगळं फोटोत होतं तसंच, फोटोपेक्षा सुंदर. मी आक्काच्या तोंडाकडे पाहत होते. तिने वर पाहिलं, भिंतीवर हात फिरवला, दाराची रुंदी पाहिली.

"ही वखार हाय," ती म्हणाली.

मॅनेजर खुश झाला. "अगदी बरोबर, आजी. शंभर वर्षांपूर्वीचं गोदाम आहे. आम्ही मूळचं सगळं तसंच जपलंय."

आक्का माझ्याकडे वळली. आवाज खाली आणला, पण हसू तिला आवरेना. "तुझं एवढं पॉइंट घालून मला वखारीत आणलीस व्हय गं? ती काय घराला लागून हाय की! सांगितली असतीस तर मी तितंच गादी टाकलो असतो, तू आली असतीस फुकटात!"

मीही हसले. दुसरं काय करणार? माझ्या आत काय हलत होतं, ते मला त्या दारात कळलं. लहानपणी सुट्टीत आक्काच्या गावी गेले की दुपारी ती कामात असायची आणि मी तिच्या वखारीत तंबाखूच्या बोदांवर, गच्च भरलेल्या गोणपाटी गाठोड्यांवर, पडून वरच्या काचेच्या कौलांकडे पाहत तिची वाट बघायची. तीन योजना, इतके रकाने, आणि मी शोधून काढली होती ती माझी वाट बघायची जागा. आक्काने मात्र त्या जागेत चाळीस वर्षं तंबाखूचा खकाणा खाल्ला होता, खोकत खोकत बोदं मोजून घेतली होती.

तिने मला वाईट वाटू दिलं नाही. खोली तिने पाहुणीसारखी कौतुकाने पाहिली. जेवण उन्हं असतानाच आलं. दोडक्याची भाजी, तुरीची आमटी, ज्वारीची भाकरी, कच्च्या केळाची कापं. "जमलंय की पोराला," म्हणाली. मग आठच्या आत ती झोपली, आयुष्यभराची सवय. मी बोलायचे विषय ठरवून गेले होते. ते तसेच राहिले.

सकाळी अंगणात चहा घेताना ती म्हणाली, "तुझी ती खोली हितनं लांब हाय काय?"

"कुठली?"

"पुण्यातली. तू फोन करतीस ती."

"दीड तास. पण तितं काय बघायचं आक्का? डबा हाय."

"डबा असूंदे. मला ती बघायची हाय. पयल्यापासनं तीच बघायची होती. तू आपली कागदं मांडत बसलीस, मी म्हटलो, हिला कळतंय त्यातलं, हिच्या मनासारखं हूंदे."

मी लगेच फोन काढला. साखळीच्या योजनेत माझे पॉइंट उरले होते ते एका खोलीच्या न्याहारीलाही पुरले नसते. गोल्ड कार्ड तसंच होतं, कारण कार्ड रात्रींवर मिळतं, पॉइंटांवर नाही. मी म्हटलं, आज पैसे भरते, तू बोलू नकोस. ती बोलली नाही, पण फोनवर कळलं की त्या दिवशी तिथे दोन लग्नं होती आणि एकही खोली रिकामी नव्हती.

तरी आम्ही गेलो. खालचा दिवाणखाना झेंडूने भरला होता, वऱ्हाडातली पोरं लिफ्टमध्ये वरखाली करत होती. रिसेप्शनवरच्या ओळखीच्या मुलीने हळहळ केली, दोघींना खुर्च्या दिल्या, लिंबूपाणी दिलं. वर न्यायला तिच्याकडे एकही मोकळी खोली नव्हती. आक्काने लिंबूपाणी तसंच ठेवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं प्यायली. मग म्हणाली, "चल, भायेरनं दाखव."

आम्ही गाड्या लावायच्या जागेत उभ्या राहिलो. वर नऊ मजले, सगळ्या काचा एकसारख्या, उन्हाने पांढऱ्या झालेल्या.

"कुठली?" तिने कपाळावर हात धरून विचारलं.

मला सांगता येईना. "तसं न्हाय गं आक्का. दर खेपंला येगळी देत्यात. कधी चौथ्यावर, कधी आठव्यावर. कधी ह्या अंगाला, कधी मागं."

"म्हणजे तुझी खोली न्हायच?"

"न्हाय."

तिने कपाळावरचा हात खाली घेतला. "मी तुला एकाच खोलीत ठेवलंतं गं इतकी वर्षं," ती म्हणाली. "फोन झाला की मी डोळं मिटून बघायचो. हितं खाट, हितं खुर्ची, हितं ही बसलीया. एकटी आसली तरी जागा तिची हाय, असं वाटायचं."

मी गाडीचं दार उघडलं. परतीच्या वाटेवर गर्दीत अडकलो आणि सूर्य खाली यायला लागला, तेव्हा मी गाडी एका बाभळीखाली घेतली. बॉनेटवर फडकं पसरून आम्ही दशमी आणि शेंगाचटणी खाल्ली. शेवटचा घास आणि पाणी सूर्य टेकायच्या आत झालं.

"लिवून घेतलेलं जेवण वाया गेलं बघ तुझं," ती म्हणाली आणि माझ्या गालाला लागलेली चटणी तिने अंगठ्याने पुसली.

आषाढात तिच्या गावच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जिनमंदिरात, चातुर्मासाला एक साध्वी माताजी आल्या. व्रत घ्यायच्या दिवशी मी सुट्टी काढून गेले. मर्यादा घेणाऱ्या सहा-सात जणी ओळीने बसल्या होत्या. एकेक जण हात जोडून चार दिशा सांगायची. उत्तरेला कोल्हापूर, दक्षिणेला धारवाड, असं काहीसं सगळ्यांचं. आक्काची पाळी आली. पूर्व, पश्चिम, दक्षिण तिने भराभरा सांगितल्या.

"उत्तरेला?" माताजींनी विचारलं.

"पुणं."

मागे बसलेल्या बायकांत कुजबुज झाली. शेजारची तिच्याच वयाची जाऊ न राहवून म्हणाली, "अगं, व्रत घ्यालीस का सहलीला निघालीस? पुण्यात काय ठेवलंयस तू?"

"एक खोली बघायची ऱ्हायलीया," आक्का म्हणाली.

माताजींनी कसली खोली, हे विचारलं नाही. "विचार करून सांगितलंस ना? पुढे वाढवता येत नाही," एवढंच म्हणाल्या. आक्काने मान हलवली. मी खांबाला टेकून बसले होते आणि मला वर बघवत नव्हतं.

आता चातुर्मास चालू आहे. या चार महिन्यांत ती गाव सोडत नाही. माझी साठवण पुन्हा शून्यापासून सुरू झाली आहे आणि यावेळी मी एकाच योजनेत आहे, तुलना बंद. साखळीने मधल्या काळात पॉइंटांचे भाव पुन्हा वाढवले. मी हिशेब करते: कार्तिक संपता संपता एका रात्रीपुरते होतील, दोन रात्रींपुरते होणार नाहीत. फाल्गुनापर्यंत थांबलं तर दोन होतील. पण तिचे गुडघे आता दुखतात, आणि फाल्गुन हा तंबाखूचा हंगाम. एक रात्र लवकर की दोन उशिरा, हे अजून ठरत नाही. तक्त्यात याला रकाना नाही.

एक गोष्ट मात्र मी केली. पुण्याला गेले की रिसेप्शनवर सांगते, मला तीच खोली हवी, सातव्या मजल्यावरची, लिफ्टपासून जवळची. गोल्ड कार्डवाल्याची एवढी विनंती ऐकतात. गेल्या दोन खेपांना तीच मिळाली. मी खुर्ची खाटेच्या डाव्या बाजूला ओढून घेते, फोन लावते आणि काय कुठे आहे ते तिला सांगते. ती मधेच थांबवते, "दिवा कुठल्या अंगाला म्हणालीस?" आणि मी पुन्हा सांगते.

परवा रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, त्या खोलीत असं खास काय आहे?"

"माझी बहीण येणार आहे."

"अरे वा. कधी?"

"कार्तिकानंतर. बहुतेक."

तिने कॉम्प्युटरवर काहीतरी टिपून ठेवलं. मग मान वर करून म्हणाली, "बेड दोन वेगळे लावून ठेवायला सांगू की एकच?"

"एकच," मी म्हटलं.